शिंकाळ्यातले फोन

पहिल्या दिवशी मी समाजमंदिरात बॅनर लावला, सतरंजी अंथरली, बायका गोळा केल्या आणि म्हटलं, "चला, आपापले फोन काढा." एकीनंही हात हलवला नाही. मला वाटलं, लाजतायत. पुन्हा म्हटलं. तेव्हा पुढं बसलेली एक म्हणाली, "बाई, तुमी इथं कशाला बसवलंय आमाला? फोन तर वर आजीकडं हायत."

"कुणाचे?"

"सगल्यांचे."

समाजमंदिर वाडीच्या तळाशी, घळीत. तिथं हातातला फोन म्हणजे तोंड बघायचा आरसा. मला पाठवणाऱ्या संस्थेच्या कागदावर वर्गाची जागा 'समाजमंदिर' अशी होती, कारण कागद लिहिणारा पुण्यात बसून लिहीत होता. मी बॅनरची गुंडाळी काखेत मारली आणि बायकांच्या मागोमाग टेपाड चढायला लागले. मधे दोनदा थांबले. बायका माझ्यासाठी थांबल्या, पण हसू काही लपवलं नाही त्यांनी.

मी कर्जतची. घरात आजोबांपासून मास्तरकी. मीही शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले आणि घरी गुडघे चोळत बसण्यापेक्षा बरं म्हणून हे काम धरलं. कर्जत-खालापुरातल्या वाड्यांवर जायचं आणि बायकांना स्मार्टफोन शिकवायचा. स्कूटरनं चौक गावापर्यंत यायचं, हायवेच्या गॅरेजवाल्याकडं ती ठेवायची आणि पुढं पायी. नवरा रोज म्हणायचा, "निघाल्या जगाला शहाणं करायला." सुरुवातीला मला राग यायचा. नंतर नंतर त्याच्याशी भांडायचीही ताकद उरली नाही. जग शहाणं होवो न होवो, मला गुडघ्याला तेल लावायला कुणीतरी हवं होतं, आणि ते तोच लावायचा.

आजीचं घर टेपाडावर, अगदी शेवटचं. तिथून खाली चौकची वाट दिसायची आणि पलीकडं रसायनीच्या कारखान्यांची धुराडी. वाडीत रेंज यायची ती फक्त तिथं. छपरावर कुठल्याशा योजनेतली सोलरची पाटी होती, त्यामुळं चार्जिंगही तिथंच. पडवीच्या वाशाला एक शिंकाळं टांगलेलं होतं. आमच्या घरी लहानपणी अशा शिंकाळ्यात दह्याचं गाडगं असायचं, मांजरापासून वाचवायला. आजीच्या शिंकाळ्यात वाडीतले झाडून सगळे फोन होते. रसायनीला कंत्राटी कामावर जाणारे पुरुष आपापले घेऊन जायचे, तेवढे सोडून.

प्रत्येक फोनला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली होती. आजीला वाचता येत नव्हतं, तिला गरजही नव्हती. घंटी वाजली की ती शिंकाळं खाली ओढायची, वाजणारा फोन काढायची आणि कानाला लावायची.

"कोन? ... नाय घरात. लाकडाला गेलीय. निरोप काय तो सांग. ... बरं. ... बरं. जेवलास का तू?"

मग फोन परत शिंकाळ्यात, आणि ती अंगणाच्या टोकाला जाऊन कमरेवर हात ठेवून खाली हाक मारायची. काय आवाज होता बाईचा! अंगकाठी बघावी तर वाऱ्यानं उडेल अशी, आणि हाक मात्र ओढ्यापलीकडच्या शेतापर्यंत. "तुझा भाऊ नेरळला उतरलाय गं! रातच्याला येतोय! भात जास्त टाक!" सगळी वाडी ऐकायची. कुणाच्या घरी कोण येणार, कुणाची पोर बाळंत झाली, कोणाला कामावरून काढलं, सगळं सगळ्यांना कळायचं, आणि तेही आजीच्या शेऱ्यासकट. "येतोय म्हंतोय, पन येनार नाय, त्याचं मला ठाऊक हाय."

तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शेताचा तुकडा दिराच्या पोरांनी करायला घेतला होता. या निरोपाच्या कामाचं काही ठरलेलं नव्हतं, पण फोन न्यायला वर येणारी बाई रिकाम्या हातानं यायची नाही. कुणी भाकरी, कुणी कंटोळ्यांची भाजी, कुणी पानात बांधून सुकट. घटकाभर बसायची, आजीच्या डोक्याला तेल लावायची, दुसरीच्या घरातलं काय ते ऐकून जायची. आजीचं पोट त्यावर चालायचं आणि दिवसही त्यावर सरायचा. हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. मला एवढंच दिसलं की बायकांचे फोन बायकांच्या हातात नाहीत, आणि आमच्या पुस्तिकेत तर पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं, 'माझा फोन, माझ्या हाती.'

तर वर्ग आजीच्या पडवीत सुरू झाला. ती वर्गात बसायची नाही, पण वर्ग तिच्या नजरेखालून जायचा. उंबऱ्यात बसून भाजी निवडता निवडता तिचं चालू असायचं. "अगं, अंगठ्यानं नको चेपू, बोटानं चेप, बाई काय सांगते?" "तिला नको विचारू बाई, ती शालंत पन गेली नाय." मी म्हटलं, "आजी, तुम्हीही शिका की." ती म्हणाली, "मला काय शिकायचंय? मला येतंय सगलं." हिरवं दाबायचं एवढं तिला येत होतं. लावायचा कसा, बंद कसा करायचा, काही नाही. बोलणं संपलं की फोन तसाच शिंकाळ्यात, पलीकडचा माणूस कंटाळून ठेवेल तेव्हा ठेवेल.

पिनचा धडा मी जन्मात विसरणार नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं, पिन म्हणजे तुमच्या घराच्या कुलपाची किल्ली, ती कुणालाही देऊ नका. मी ते वाचून दाखवलं. आजी उंबऱ्यातून म्हणाली, "आमच्या घरांना कुलूप कुठं हाय?" बायका हसल्या. खरंच नव्हतं. दाराला आतून काठी, ती पण कुत्रं शिरू नये म्हणून. मी पुढचं वाचलं. प्रत्येकीला म्हटलं, मनात चार आकडे धरा, मला सुद्धा सांगू नका. बायकांनी मन लावून धरले. मग एकेक उठली आणि आजीजवळ जाऊन मोठ्यानं आपापले आकडे सांगून आली. म्हटलं, "अहो, हे काय करताय?" तर म्हणाल्या, "बाई, आमी इसरलो तर? आन फोन वाजला तर आजी उघडनार कसा?" आजीनं मान डोलावली. बहुतेकींनी एकदोनतीनचारच धरलं होतं, त्यामुळं तिला लक्षात ठेवायला काही जड गेलं नाही.

मी त्या दिवशी घरी आले आणि चप्पल न काढता तशीच खुर्चीत बसले. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी." तो हसला. मग मलाही हसू आलं, पण दमलेलं हसू ते. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या ऑफिसची ऑनलाइन मीटिंग होती. त्यांना आकडे हवे होते, किती बायकांनी पिन ठेवला. मी म्हटलं, सगळ्यांनी. खोटं नव्हतं ते.

वर्गात एकीलाच खरी घाई होती. खालच्या घरातली सून, तान्हं पोर पाठीला बांधून यायची. ती लग्न होऊन कर्जतच्या बाजूच्या डोंगरातून आलेली. आजीचं आणि तिचं बोलणं नव्हतं. ती आपला फोन शिंकाळ्यातून घ्यायची तो सुद्धा आजीकडं न बघता. मी एकदा उतरताना तिला विचारलं.

"मागल्या पावसात माज्या बापाला दवाखान्यात नेलं," ती म्हणाली. "भावाचा फोन आला सांजच्याला. हिनं घेतला. आन मला सांगितलं सकाली. रातभर मी इथं खाली झोपले, बाई, आन वर हिला ठाऊक."

"वडील?"

"वाचला. म्हनून मी गप हाय." थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "पन नसता वाचला तर?"

मी पुढच्या वेळी आजीला विचारलं. मला वाटलं होतं ती कानावर हात ठेवेल. तिनं तसं काही केलं नाही. म्हणाली, "हां, नाय सांगितलं. ओढा दोन्ही काठ भरून चालला व्हता. सांगितलं असतं तर ती निघालीच असती, पोट घेऊन. सातवा चालू व्हता तिला. ओढ्यात गेली असती, मग? बाप म्हातारा हाय, पोर जगायची हाय." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. जरा वेळानं पुटपुटली, "शिव्या दे म्हनावं. जिती हाय म्हनून शिव्या देते."

मी दोघींचं ऐकलं आणि मला दोघींचं पटलं. असं झालं की माणूस फार थकतो. एकच बाजू खरी असती तर मी तावातावानं काहीतरी केलं असतं. पण दुसऱ्याच्या बापाचा निरोप अडवायचा हक्क आजीला कुणी दिला? आणि त्या रात्री ती पोर ओढ्यात उतरली असती तर 'माझा फोन, माझ्या हाती' छापणारा पुण्याहून तिला बाहेर काढायला येणार होता का? वर्ग मात्र मी चालू ठेवला. ते माझं काम होतं, आणि त्या सुनेच्या डोळ्यांकडं बघितलं की मला तेच बरोबर वाटायचं.

मग टॉवर आला. वाडीसाठी नव्हे. वाडीसाठी कोण टॉवर लावतंय? पार खाली चौकच्या वाटेला मुंबईच्या लोकांची फार्महाऊसं झाली, एक रिसॉर्ट झालं, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागायला लागली. त्यांच्यासाठी लागला. पण टॉवरला माणूस ओळखता येत नाही, त्यामुळं रेंज घळीतही उतरली. त्याच सुमारास वाडीत विजेचं मीटर घरोघर बसलं. वाडीतल्या बायका फार्महाऊसवर कामाला लागल्या, झाडलोट, स्वयंपाक, बाग. मालकिणीला हवं तेव्हा फोन उचलावा लागतो म्हणून फोन कमरेला खोचलेला.

सगळ्यात आधी त्या सुनेनं फोन नेला. चिंधी सोडून शिंकाळ्यातच टाकून गेली. मग एकेक करत बाकीच्यांनी. कुणी भांडून नेला नाही. "आजे, आज नेते गं, कामावर लागंल," असं म्हणून नेला आणि पुन्हा ठेवला नाही, एवढंच. माझ्या शेवटच्या काही वर्गांना शिंकाळं रिकामं होतं. तळाला रंगीत चिंध्या तेवढ्या. आता वर्ग समाजमंदिरात घ्यायला हरकत नव्हती, बायकांनाही ते सोयीचं होतं. तसा मी घेतला.

वाईट याचं वाटतं की आजीशी कुणी वाईट वागलं नाही. गरज सरो वैद्य मरो म्हणावं तर तेही नाही. वाडीतल्या कुणाला विचारलं असतं तर त्यानं आजीसाठी जीवही दिला असता. फक्त टेपाड चढायचं कारण उरलं नाही. कामावरून दमून आलेली बाई मुद्दाम वर कशाला जाईल? भाकरी पोचायची, पण एखाद्या पोरीच्या हातून, आणि पोर ती उंबऱ्यात ठेवून उड्या मारत परत. डोक्याला तेल कोण लावणार?

आजीनं पहिले काही दिवस मान्यच केलं नाही. खाली कुणाच्या घरात घंटी वाजली की ती काठी टेकत टेकत उतरायची, सरळ घरात शिरायची आणि फोन कानाला लावायची. "कोन?" एकदा माझ्या देखत ती त्या सुनेच्या घरात शिरली. सून चुलीपाशी होती, फोन मधल्या खांबाला चार्जिंगला. आजीनं तो उचलला. सुनेनं हात पुसले, उठली, आजीच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, "आजे, माजा हाय." आवाज चढवला नाही, नुसतं सांगितलं. आजी जरा वेळ तशीच उभी राहिली, हात कानापाशी. मग म्हणाली, "हां. तुजाच हाय," आणि गेली. त्यानंतर तिला कुणाच्या घरात शिरताना मी पाहिलं नाही.

मी शिकवलं होतं तेच घडत होतं. बायका फोन लावत होत्या, उचलत होत्या, मोगऱ्याच्या गजऱ्याचे फोटो काढून मालकिणींना पाठवत होत्या, माहेरी तोंड बघून बोलत होत्या. ती सून रोज बापाशी बोलायची, पोराला दाखवायची. एकदा मी असताना बापाचं तोंड स्क्रीनवर आलं, दात नसलेलं, हसरं, आणि पोरानं स्क्रीनला चाटलं. त्या दिवशी मला खूप बरं वाटलं. हे काम करावं असं ज्या थोड्या दिवशी वाटलं त्यातला तो एक. आणि निघताना टेपाडाकडं नजर गेली तर आजी अंगणाच्या टोकाला बसलेली. मी हात केला. तिनंही केला. वर चढून जायला माझे गुडघे तयार नव्हते.

पुण्याहून मेल आला, वाडीतल्या सगळ्यात वयस्कर महिलेचा फोनसह फोटो हवा. मी त्याला उत्तर दिलं नाही. पण तो मेल डोक्यात राहिला आणि मी माझा जुना फोन साफ केला, एक सिमकार्ड घेतलं आणि टेपाड चढले.

"हा तुमचा, आजी."

तिनं तो हातात घेऊन उलटापालटा केला. "माजा? मला कोन लावनार?"

"तुम्ही लावायचा."

"कुनाला?"

मी म्हटलं, सांगा कुणाकुणाचे नंबर घालू, नावं वाचायला नकोत, फोटो दिसतील, फोटोवर बोट ठेवायचं. तिनं वाडीकडं बघितलं. म्हणाली, "ती तर सगली इथंच हायत. त्यांना कशाला फोन? हाक मारीन की." मग बराच वेळ विचार केला. भाऊ होता, तो वारला. बहीण दिली होती नेरळच्या पुढं, तिच्या पोरांचा काही पत्ता नव्हता. इतकी वर्षं तिनं सगळ्या वाडीच्या सोयऱ्याधायऱ्यांशी फोनवर बोलून काढली, कोणाचा भाऊ खोकतो आणि कोणाचा जावई पितो ते तिला पाठ, पण ती सगळी दुसऱ्यांची माणसं. तिचं असं फोन लावण्याजोगं कुणी निघालं नाही. शेवटी म्हणाली, "तुजा घाल."

मी माझा फोटो काढून माझा नंबर घातला. त्या फोनमध्ये तो एकच फोटो. तिनं त्यावर बोट ठेवलं, माझ्या पिशवीत माझा फोन वाजला, आणि मी तिथंच समोर बसलेली असताना ती मला फोनवर म्हणाली, "हालो. कोन?"

दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन यायला लागला. दुपारचा चहा ठेवायच्या वेळेला. बोलणं ठरलेलं. "कोन? बाई का? ... काय निरोप हाय का?"

सुरुवातीला निरोप असायचा. पुढचा वर्ग कधी, दवाखान्याची तपासणीची गाडी कधी येणार, आधारचा माणूस समाजमंदिरात कधी बसणार. वाडीचा ग्रुप होता, त्यावर मी हे एका मिनिटात टाकू शकत होते. मी टाकलं नाही. आजीला सांगायला लागले. ती नीट ऐकून घ्यायची, एकदा उलट म्हणून दाखवायची आणि फोन तसाच चालू ठेवून हाक मारायला जायची. बंद करायला ती अजूनही शिकली नव्हती. मला इकडं कर्जतला स्वयंपाकघरात तिची हाक ऐकू यायची. मला बरं वाटायचं. आपण काहीतरी शहाणपणाचं केलं असं वाटायचं.

मग एक दिवस त्या सुनेचा फोन आला. "बाई, तुमी ग्रुपवर टाकत जा ना. आजी वरून वरडते, पन आमी खाली कामावर असतो, तिथं हाक येत नाय. त्या दिवशी आधारचा मानूस येऊन गेला. माज्या पोराचं राहिलं." तिचा आवाज रागाचा नव्हता. ती बरोबरच होती, नेहमीसारखी. आजीला विरंगुळा म्हणून मी तिच्या पोराचं काम अडवणार होते का? मी ग्रुपवर टाकायला लागले. आजीलाही सांगत होते. ती ओरडत होती. फरक एवढाच की आता मला ठाऊक होतं, ते ऐकायला खाली कुणी नाही. वाडीत त्या वेळेला कोंबड्या आणि एखादं तापानं झोपलेलं माणूस.

संस्थेचा प्रकल्प त्या वाडीपुरता संपला. उद्दिष्ट पूर्ण, असं पत्रात होतं, आणि खोटं काय होतं त्यात? मला दुसऱ्या वाड्या दिल्या, मी त्या घेतल्या, मग थोड्या दिवसांनी सोडल्या. गुडघे हे सांगायला कारण झालं. खरं म्हणजे मी दमले होते. शिकवून नव्हे. शिकवलं की काहीतरी मिळतं आणि काहीतरी जातं, आणि जातं त्याची जागा फॉर्ममध्ये नसते, या सगळ्याचा कंटाळा आला होता. आता माझ्याही फोनवर दिवसभर काही ना काही येत असतं. सकाळी फुलांची चित्रं, लेकीनं पाठवलेले अंगठे, बिल भरल्याचा मेसेज. वाजत मात्र नाही फारसा.

आजीचा फोन चुकत नाही. "काय निरोप हाय का?" मी काही ना काही शोधून ठेवते. पाऊस येणार म्हणतात. चौकच्या बाजारात मिरची स्वस्त झाली. निरोप म्हणून यात काही दम नसतो हे तिलाही कळत असणार, पण ती तो पूर्ण ऐकून घेते आणि पोचवते.

परवा मला ताप होता. नवरा बाहेर गेला होता आणि मी अंगावर चादर घेऊन भिंतीकडं तोंड करून पडले होते. फोन वाजला. मी घेतला.

"कोन? बाई का?"

"हां, आजी."

"काय निरोप हाय का?"

पावसाचं सांगून झालं होतं, मिरचीचं झालं होतं. मी म्हटलं, "नाही हो आजी. आज काही नाही."

तिच्या मागं वारा ऐकू येत होता. "काइच नाय?"

"काहीच नाही."

"तुजा आवाज असा का येतोय? बरी हायेस ना?"

"बरी आहे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि मग फोन ठेवल्याचा आवाज आला, पडवीच्या जमिनीवर. चालूच. तिची पावलं अंगणाच्या टोकाकडं गेली. मी फोन कानाला तसाच धरून पडून राहिले.

"ऐका गं!" ती ओरडली. त्या वेळेला खाली कुणी नसतं, मला ठाऊक होतं. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, मधेच फाटला, पण तिनं तो पुन्हा लावला. "बाईचा फोन हाय गं! बाई बरी हाय!"

खालून काही आलं नाही. कुत्रं सुद्धा भुंकलं नाही. ती थोडा वेळ तिथंच थांबली असावी, कारण पावलं लगेच परत आली नाहीत. मग आली. फोन उचलल्याची खरखर झाली.

"सांगितलं गं बाय," ती म्हणाली. "सगल्यांना सांगितलं."